फाईल मिटण्याआधी : विदर्भातल्या रुग्णालयांना एका नव्या परिचारिकेचं खुलं पत्र

प्रति,
विदर्भातल्या खासगी आणि धर्मादाय रुग्णालयांचे संचालक, वैद्यकीय अधीक्षक आणि मेट्रन मॅडम यांस,

विषय : नवीन परिचारिकांना पहिली नोकरी देण्याबाबत.

महोदय, महोदया,

गेल्या अकरा महिन्यांत मी सतरा रुग्णालयांत बायोडाटा दिला. नऊ ठिकाणी आत बोलावलं. नऊच्या नऊ ठिकाणी माझी फाईल एकाच पानावर येऊन मिटली. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेच्या, तिन्ही वर्षांचे निकाल, महाराष्ट्र परिचर्या परिषदेचं नोंदणीपत्र, इथपर्यंत समोरची बोटं व्यवस्थित पानं उलटत जातात. त्यापुढचं प्लास्टिकचं पाकीट रिकामं आहे. तिथं आलं की बोटं थांबतात.

"अनुभव काहीच नाही का?"

"नाही मॅडम. फ्रेशर आहे."

"बरं. कळवतो."

कळवलं कुणीच नाही. नकार कळवायलाही एक फोन लागतो, तेवढाही आला नाही. म्हणून हे पत्र असं उघड लिहिते आहे. ते तुमच्यापैकी कुणा एकाविरुद्ध नाही. माझ्या बॅचच्या मुली नागपूर, अमरावती, अकोला, चंद्रपूर, सगळीकडे फिरल्या आणि सगळ्यांच्या फायली त्याच पानावर मिटल्या.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यातली. घरी कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. तीन वर्षं कापसाचा चुकारा हातात आला की आधी माझ्या कॉलेजची फी गेली, मग किराण्याची उधारी. नागपूरला इंटरव्ह्यू असला की पहाटेच्या गाडीनं घाटंजी, तिथून यवतमाळ, तिथून नागपूर. बायकांना एसटीचं तिकीट २०२३ पासून अर्धं झालं, त्याचा आधार आहे. पण बाबा सोबत येतात. त्यांचं पूर्ण तिकीट जातं आणि दिवसाची मजुरीही जाते. एकदा आम्ही सकाळी साडेदहाला पोचलो, अडीच वाजता माझं नाव पुकारलं आणि दोन चाळीसला मी बाहेर होते. बाबा पार्किंगजवळच्या कट्ट्यावर बसले होते. त्यांनी विचारलं नाही, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि डब्याची पिशवी उचलली.

मला काय येतं आणि काय येत नाही, ते आधी सांगते. तुम्ही ते विचारलं नाही, पण मी उत्तर तयार ठेवलं होतं.

माझ्या मिडवायफरीच्या केस बुकात वीस बाळंतपणं नोंदलेली आहेत आणि प्रत्येकीवर लेबर रूमच्या सिस्टरची सही आहे. इंट्राकॅथ, म्हणजे सलाइनसाठी शिरेत ठेवायची सुई, लावता येतो, पण लहान मुलांत आणि सुजलेल्या हातांत अजून दोनदा टोचावं लागतं. कॅथेटर, नाकातून पोटात घालायची रायल्स ट्यूब, ड्रेसिंग, ऑक्सिजन, नेब्युलायझर येतं. ताप-नाडी-श्वासाचा टीपीआर चार्ट, इनटेक-आउटपुट नीट भरता येतो. मिलीला २० थेंब पडणाऱ्या सेटनं ५०० मिली सलाइन आठ तासांत जायचं असेल तर मिनिटाला साधारण २१ थेंब, हे मला कागद न घेता सांगता येतं. व्हेंटिलेटरवरचा पेशंट मी एकटीनं सांभाळलेला नाही. कार्डिअ‍ॅक अरेस्टमध्ये मी उभी राहिले आहे, दोनदा छातीवर दाबही दिला आहे, पण क्रॅश कार्टपाशी, म्हणजे तातडीच्या औषधांच्या गाडीपाशी, उभं राहून औषधं भरून देणं कधी माझ्यावर आलेलं नाही. आणि तीस पेशंटांचा वॉर्ड रात्री एकटीवर टाकलात तर मी घाबरेन. आज घाबरायलाच हवं, असं मला वाटतं.

दुसऱ्या वर्षाला माझी पोस्टिंग एका सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात होती. पावसाळ्याचे दिवस. खाटा भरलेल्या, दोन खाटांच्या मधे गाद्या टाकून पेशंट निजवलेले. सकाळच्या अँटिबायोटिक्सची वेळ होती. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची पावडर विरघळवायला मी ट्रेमधून डिस्टिल्ड वॉटरची कुपी उचलली, तिची मान मोडली आणि सिरिंज आत घालणार, तेवढ्यात मागून इन्चार्ज सिस्टरनं माझं मनगट धरलं. ओरडल्या नाहीत.

"नाव वाच," म्हणाल्या. "मोठ्यानं वाच."

मी वाचलं. पोटॅशियम क्लोराइड.

दोन्ही कुप्या दहा मिलीच्या, दोन्हींतलं द्रव पाण्यासारखं. केसीएल, म्हणजे हेच पोटॅशियम क्लोराइड, सलाइनमध्ये मिसळून हळूहळू द्यायचं असतं, तसंच शिरेत ढकललं तर हृदय बंद पडतं, हे मला पाठ होतं. परीक्षेत मी त्याचं उत्तर बरोबर लिहिलं होतं, त्याला गुणही मिळाले होते. तरीही ती कुपी माझ्या हातात होती, आणि समोरच्या खाटेवर एक आजोबा बाही वर करून इंजेक्शनची वाट पाहत होते.

सिस्टरनं माझ्याकडून सगळा ट्रे रिकामा करून घेतला. केसीएलच्या कुप्या वेगळ्या डब्यात ठेवायला लावल्या, डब्यावर लाल पट्टी चिकटवायला लावली. मग म्हणाल्या, "नाव तीनदा वाचायचं. उचलताना, भरताना आणि रिकामी कुपी फेकताना. कितीही घाई असू दे, डॉक्टर ओरडू दे, नातेवाईक अंगावर येऊ दे." आजही औषध हातात घेतलं की माझे ओठ हलतात.

तो प्रसंग मी एकाही इंटरव्ह्यूत सांगितला नाही. चूक सांगितली तर घेणार नाहीत, असं सगळ्या मैत्रिणी म्हणाल्या. इथं मात्र सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे. जाहिरातीत तुम्ही दोन वर्षांचा अनुभव मागता. त्या दोन वर्षांत असं मनगट धरणारं कुणी होतं का, हे विचारत नाही. नसेल, तर दोन वर्षं न वाचता कुपी उचलणारीही तुमच्या लेखी अनुभवीच ठरते. अनुभव वॉर्डातच मिळतो, आणि वॉर्डाचं दार तुमच्या हातात आहे. तुम्ही सगळ्यांनीच ते अनुभवी मुलींपुरतं उघडं ठेवलं, तर त्या मुली तरी अनुभवी झाल्या कुठं?

तुमची अडचण मला कळत नाही असं नाही. एका मेट्रन मॅडमनी माझ्याशी नीट बोलून ती सांगितली होती. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे एका शिफ्टला स्टाफ किती असतो, तुला माहीत आहे का? तुला शिकवायला मी कुणाला उभं करू?" भारतीय परिचर्या परिषदेचा निकष साध्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डासाठी पाच पेशंटांमागे एक परिचारिका असा आहे. त्यांच्या वॉर्डात त्या दिवशी अठ्ठावीस पेशंट आणि दोन सिस्टर होत्या. मी पाहत होते, त्या माझ्याशी बोलता बोलता दोनदा उठल्या, एकदा सलाइन बंद करायला आणि एकदा एका नातेवाइकाला समजवायला. इतक्या ओढाताणीत कुणालाही तयार माणूसच हवं असणार. पण तयार माणूस हवं म्हणून जागा रिकामी ठेवायची, जागा रिकामी म्हणून शिकवायला वेळ नाही, आणि वेळ नाही म्हणून नवीन कुणी घ्यायचं नाही, हा फेरा तोडायचा तर सुरुवात रुग्णालयाकडूनच व्हायला हवी. माझ्याकडून ती होऊ शकत नाही. माझ्याकडे फाईल आहे आणि दोन हात आहेत.

मग मी मागते काय? पहिले तीन महिने मला एका सीनियर सिस्टरच्या जोडीला द्या. तिची मॉर्निंग तर माझी मॉर्निंग, तिची नाईट तर माझी नाईट. या तीन महिन्यांत वॉर्ड एकटीवर नको. काय काय यायला हवं, त्याची एक यादी करा. रक्त चढवणं, इन्सुलिन, हाय रिस्क औषधं, क्रॅश कार्ट लावणं, पेशंट शिफ्ट करणं, ओव्हर देणं-घेणं, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती सोपवणं. एकेक गोष्ट त्या सिस्टरनं डोळ्यांनी पाहिली की तिनं सही करायची. सही झाली नाही तर मला पुढे ढकलू नका. आणि त्या सिस्टरला या कामाचे वेगळे पैसे द्या, थोडे का होईना. शिकवणं हे तिच्या ड्यूटीतलं फुकटचं काम समजलं की ती चिडते, आणि ते स्वाभाविक आहे. तिच्या वाट्याचे पेशंट कमी होत नाहीत, वर माझ्यासारखी एक पदराला बांधली जाते.

एमबीबीएस झालेल्या डॉक्टरला एक वर्षाची इंटर्नशिप असते. सगळ्या विभागांत फिरायचं, हातात विद्यावेतन, पाठीशी सीनियर. कुणी त्यांना पहिल्या दिवशी अनुभवाचा दाखला मागत नाही. आमच्याही अभ्यासक्रमाच्या शेवटी इंटर्नशिप असते, पण ती विद्यार्थिनी म्हणून. खऱ्या जबाबदारीची पहिली पायरी आम्ही कुठं चढायची, ते कुठंच लिहिलेलं नाही.

"फ्रेशरला आम्ही सहा महिने घासूनपुसून तयार करतो आणि ती सातव्या महिन्यात पुण्याला निघून जाते." हे वाक्य मी तीन ठिकाणी ऐकलं. ते खोटं नाही. माझ्या दोन सीनियर गेल्या आहेत. पण त्या का गेल्या, हेही मी त्यांना विचारलं आहे. एकीला बारा तासांच्या ड्यूटीचे ७,००० रुपये मिळत होते. दुसरीची ड्यूटी रात्री आठला संपायची आणि गावाकडची शेवटची गाडी सव्वासातची होती. रुग्णालयात राहायला खोली नव्हती, भाड्यानं एकट्या मुलीला खोली कुणी देईना. पुण्यात तिला हॉस्टेल मिळालं. तेवढंच कारण.

आमच्यासारख्या मुलींना घरच्यांपासून फार लांब जायचं नसतं. आई-बाबा इथं, शेती इथं, बोली इथली. वॉर्डात एखादी म्हातारी "माय वो, पोटात कालवून रायलं" म्हणाली तर तिला मळमळतंय की दुखतंय, हे मला दुसऱ्यांदा विचारावं लागत नाही. खोली द्या, दाराला आतून नीट कडी असलेली. वेळेवर पगार द्या. मग बघा किती जणी जातात.

पगाराचं बोलायला आम्ही लाजतो, म्हणून इथं लिहून टाकते. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये दिलेल्या निर्देशांनंतर केंद्र सरकारनं नेमलेल्या समितीनं शिफारस केली होती की ५० खाटांहून लहान खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी पगार नसावा. मला एका ठिकाणी सहा महिने बिनपगारी ट्रेनी म्हणून या, जेवण मिळेल, असं सांगण्यात आलं. दुसऱ्या ठिकाणी मूळ कागदपत्रं ऑफिसात जमा करा, दोन वर्षांनी परत देऊ, असं सांगितलं. नोंदणीपत्र ही माझी भाकर आहे. ते दुसऱ्याच्या कपाटात ठेवून मी झोपू कशी? नवीन आहे म्हणून पहिल्या वर्षी थोडा कमी पगार घ्यायला मी तयार आहे. फुकट राबायला आणि कागद गहाण टाकायला तयार नाही.

आता थोडं लहान दवाखान्यांबद्दल, कारण गावाकडच्या मुलीला पहिलं दार तेच दिसतं. तालुक्याच्या ठिकाणी दहा-पंधरा खाटांची नर्सिंग होम्स असतात. तिथं पुष्कळदा बारावी झालेल्या, कुठलंही प्रशिक्षण नसलेल्या मुली इंजेक्शनं देताना दिसतात. चार-पाच हजारांत मिळतात, म्हणून नोंदणीकृत परिचारिका नको असते. त्या मुलींवर माझा राग नाही, त्यांनाही पोट आहे. पण माझ्या एका मैत्रिणीला अशा एका ठिकाणी वेगळंच विचारलं गेलं. तू यायची गरज नाही, फक्त नोंदणीपत्राची झेरॉक्स दे, कागदावर स्टाफ दाखवायचा आहे, वर्षाचे काही पैसे देऊ. तिनं दिली नाही. तिच्या घरची परिस्थिती माझ्याहून वाईट आहे, म्हणून हे मुद्दाम नोंदवते.

आणि समजा अशा दवाखान्यात प्रामाणिकपणे नोकरी मिळाली, तरी पुढचं दार बंदच राहतं. एम्सच्या परिचारिका भरतीच्या नॉर्सेट परीक्षेला बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांना अनुभवाची अट नाही, पण जीएनएमवाल्यांना किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. नागपूरला मिहानमध्ये एम्स उभं आहे, बसच्या खिडकीतून त्याची पाटी दिसते. आमच्या तालुक्यात ५० खाटांचं खासगी रुग्णालय नाही. सरकारी ग्रामीण रुग्णालयसुद्धा ३० खाटांचं असतं. म्हणजे मी गावाजवळ दोन वर्षं मन लावून काम केलं तरी त्या परीक्षेसाठी माझा अनुभव शून्यच. म्हणून मोठ्या रुग्णालयांनो, हे पत्र तुम्हाला आहे. पहिली नोकरी तुम्ही दिली तरच ती पुढे मोजली जाते.

तुम्ही दिली नाही तर काय होतं, तेही सांगते. गेल्या हिवाळ्यात एका माणसानं माझ्या मैत्रिणीमार्फत निरोप पाठवला. ५० खाटांच्या रुग्णालयाचं लेटरहेड, शिक्का, सही, दोन वर्षांचा अनुभव, सगळं मिळेल. पैसे अर्धे आधी, अर्धे कागद हातात आल्यावर. मी दोन रात्री विचार केला. खोटं बोलणार नाही, मनात हिशेब केला, तूर विकून ते पैसे निघाले असते. मग मला ती कुपी आठवली. तो कागद घेऊन मी एखाद्या आयसीयूत उभी राहिले असते, मेट्रननं मला दोन वर्षांची समजून रात्री एकटी सोडलं असतं आणि माझं मनगट धरायला मागं कुणीच नसतं. मी नाही म्हटलं. पण असे कागद चालतात, म्हणजे कुणीतरी घेतंच आहे. अनुभवाची अट तुम्ही पेशंटच्या सुरक्षेसाठी घातली असेल. त्या अटीमुळे न शिकलेल्या हातांवर शिकलेल्याचा शिक्का बसतो आहे, हे तुमच्यापर्यंत पोचायला हवं.

२०२१ च्या मे महिन्यात मी बारावीला होते. तेव्हा केंद्र सरकारनं जाहीर केलं होतं की बी.एस्सी. आणि जीएनएम झालेल्या परिचारिकांना सीनियर डॉक्टर आणि सीनियर परिचारिकांच्या देखरेखीखाली कोविड ड्यूटीवर घ्यावं. आमच्या भागातल्या कितीतरी नव्या मुली तेव्हा कोविड सेंटरला लागल्या. पीपीई किटमध्ये घामानं भिजून त्यांनी ऑक्सिजन लावला, पालथं झोपवलं, प्रेतंही बांधली. त्या दिवसांत रिकाम्या पाकिटावर कुणाचं बोट थांबलं नव्हतं. देखरेखीखाली हा एक शब्द होता, तेवढ्यावर काम चाललं. लाट ओसरली, कंत्राटं संपली, आणि तो शब्दही गेला. मला तो परत हवा आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या जेमतेम शाळा शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचं वजन, ताप, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखणं, इंजेक्शन देणंसुद्धा. त्या गावांतले नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटले आणि १९९९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आम्हाला हे कॉलेजात शिकवताना मॅडम अभिमानानं सांगायच्या, आपल्या विदर्भातलं काम म्हणून. मला त्यातलं वेगळंच लक्षात राहिलं. त्या बायकांना कुणी दाखला मागितला नव्हता. त्यांना शिकवलं, हाताला हात लावून करून घेतलं, आणि नंतरही त्यांच्या कामावर लक्ष ठेवलं. आम्ही तर तीन-चार वर्षं शिकून आलेल्या आहोत.

मागच्या सप्टेंबरमधली एक गोष्ट सांगते. दुपारी तीनच्या सुमारास गल्लीतली एक काकू धावत आली. "वो ताई, चाल बरं लवकर, पोरगा कसातरीच करून रायला." तिचा बावीस वर्षांचा मुलगा सकाळपासून कपाशीवर फवारणी करत होता, पाठीवर पंप, अंगात बनियन. मी गेले तर बांधावर पडलेला, अंगभर घाम, तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. माणसं गोळा झाली होती. एकजण त्याला मिठाचं पाणी पाजायला निघाला होता. मी ते थांबवलं. हातांत पॉलिथिनच्या पिशव्या घालून त्याचे कपडे कापून काढले, मोटर सुरू करून साबणानं अंग धुतलं, केस, काखा, नखांच्या खाली. एका कुशीवर झोपवलं. फवारणीच्या औषधाची बाटली सोबत घ्यायला लावली, म्हणजे डॉक्टरला कळेल काय होतं ते. पिकअपमध्ये मागं बसून मी त्याची हनुवटी धरून ठेवली, जीभ मागं जाऊ नये म्हणून. ग्रामीण रुग्णालयात पोचताच डॉक्टरांनी विषावर उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन सुरू केलं आणि पुढे यवतमाळला पाठवलं. तो आता बरा आहे, शेतात जातो.

२०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं आमच्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. मी तेव्हा नववीत होते. नर्सिंगला जायचं, हे माझं त्या वर्षी ठरलं. सप्टेंबरच्या त्या दुपारी माझ्या हातांनी जे केलं, ते मी एका वॉर्डात सिस्टरच्या शेजारी उभी राहून शिकले होते, बाहुल्या कशा पाहायच्या, नाडी कशी मोजायची, छातीतली घरघर कशी ऐकायची.

ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरनं त्या पोराचा केस पेपर लिहिता लिहिता मला विचारलं, "कुठं ड्यूटीला आहेस?"

मी म्हटलं, "कुठंच नाही."

त्यांनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. काही बोलल्या नाहीत.

मुलग्यांचंही एक वाक्य इथं घालते, कारण त्यांच्यासाठी कुणी लिहीत नाही. माझ्या वर्गातल्या दोन ब्रदरना तर दारावरच सांगतात, मेल स्टाफ नको. त्यांचा अनुभव विचारण्यापर्यंतही गोष्ट जात नाही.

सरकारी भरतीची वाट बघ, असं मला घरचेही सांगतात. आरोग्य विभागाची मोठी भरती २०२३ मध्ये निघाली होती, आता पुढची निघेल तेव्हा मी परीक्षा देईनच. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी जागाही जिल्हा परिषदेत निघतात. तिथंही अनुभवी उमेदवार पुढे सरकतात. तोवर हात रिकामे राहिले तर जे शिकलं ते विसरायला होतं. शीर शोधणं हे बोटांचं काम आहे, बोटं अकरा महिन्यांत आखडतात. मी आईच्या, बाबांच्या, शेजाऱ्यांच्या हातांवर टुर्निकेट बांधून नुसत्या शिरा चाचपत असते.

म्हणून शेवटची विनंती इंटरव्ह्यूबद्दल. दहा मिनिटांत फाईल चाळू नका. मला वॉर्डात न्या. बीपी घ्यायला लावा, एका पेशंटचा ओव्हर घ्यायला सांगा, इंजेक्शनचा ट्रे पुढे ठेवा. त्यात दोन सारख्या दिसणाऱ्या कुप्या ठेवा आणि पाहा मी नाव वाचते का. माझ्यासोबत दोन वर्षांचा अनुभव असलेली मुलगी असेल तर तिलाही तोच ट्रे द्या. त्यानंतर तुम्ही तिला घेतलंत तर मला वाईट वाटेल, पण मी समजून घेईन. आणि नाही घ्यायचं ठरलं तर एक फोन करा. बाबा रोज संध्याकाळी मोबाइल चार्जिंगला लावताना विचारतात.

आपली नम्र,
एक नोंदणीकृत परिचारिका,
घाटंजी तालुका, जिल्हा यवतमाळ

ता.क. : ज्या सिस्टरनं माझं मनगट धरलं होतं, त्या पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत. त्यांच्या बरोबरीच्या आणखी चौघी त्याच वर्षी. मागच्या महिन्यात मी त्यांना भेटायला गेले होते. केसीएलचा डबा अजून त्याच जागी आहे, पट्टी मात्र नवीन लावली आहे. त्यांच्या शेजारी उभं राहून शिकायला वॉर्डात नवीन मुलगी एकही नव्हती.